'वेव्ह' आणि तिचे वारस

एकादी नाटक मंडळी मोडते तेव्हां तिच्या सामानाची वांटणी करणें फारसें कठीण नसतें. पडदे एकाकडे जातात, पोषाख दुसरा विकत घेतो, पेटी-तबला कोणी तरी उचलतो, आणि मालक उदार असला तर नाटकांच्या संहिता तो नटांच्याच हवालीं करतो. परंतु कोणत्या वाक्याला प्रेक्षक हंसतात, कोणत्या प्रवेशापूर्वीं रंगपटांत किती धांदल उडते, पडदा किती वेळ धरून ठेवावा लागतो, हें त्या संहितेंत कोठेंच लिहिलेलें नसतें. तें तालमींत शिकलेलें असतें, आणि शिकलेलीं माणसें पांगलीं कीं तेंहि त्यांच्याबरोबर पांगतें. २०१० सालीं गूगल या अमेरिकन कंपनीनें आपलें 'वेव्ह' नांवाचें बहुचर्चित साधन सोडून देण्याचें ठरविलें आणि त्याची संहिता जगाच्या हवालीं केली, तेव्हां संगणकाच्या क्षेत्रांत नेमका हाच प्रसंग उद्भवला. ज्यांचा रोजचा पत्रव्यवहार, हिशेब आणि घरचीं छायाचित्रें आतां परक्या कंपन्यांच्या कपाटांत ठेवलेलीं असतात, त्या सर्वांना त्या संहितेचें पुढें काय झालें हें ठाऊक असलेलें बरें.

वेव्ह, म्हणजे लाट, हें साधन ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें गूगलच्या कचेरींत तयार झालें. लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोघे डॅनिश बंधु त्याचे मुख्य प्रवर्तक. गूगलचे नकाशे ज्या छोट्या कंपनीच्या कामांतून निघाले, ती काढण्यांतहि याच बंधूंचा हात होता. तेव्हां कंपनींत त्यांच्या शब्दाला वजन होतें. त्यांचा प्रश्न साधा होता. ई-मेल सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं निघाली आणि तिनें टपालांतील कागदी पत्राची हुबेहूब नक्कल केली: पत्र लिहावें, धाडावें, आणि उत्तराची वाट पाहावी. तीच आज नव्यानें शोधावयाची झाली तर तिचें रूप काय असेल? मे २००९ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर तासाहून अधिक वेळ रंगमंचावर चालवून दाखविलें, आणि सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला.

पांच भावंडें निरनिराळ्या गांवीं राहतात आणि घरांत लग्न निघालें आहे, असें समजावें. ई-मेलच्या रीतीनें एकानें पाहुण्यांची यादी पाठविली. दुसऱ्यानें तींत चार नांवें घालून ती परत धाडली. तिसऱ्यानें जुन्याच यादींतील तीन नांवें खोडलीं. आठवड्याभरांत पांच घरीं पांच याद्या होतात, आणि त्यांतील खरी कोणती हें शेवटीं आत्येला विचारावें लागतें. वेव्हमध्यें यादी एकच. ती पांचहि भावंडांच्या पुढ्यांत एकाच वेळीं उघडलेली, प्रत्येकाला तींत लिहिण्याची मुभा, आणि एकानें टंकलेलें अक्षर इतरांना त्याच क्षणीं उमटतांना दिसावयाचें. उशिरां आलेल्या सहाव्यानें कळ दाबली कीं सगळी वाटाघाट पहिल्यापासून क्रमानें पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढून सरके. शिवाय ही पद्धति एकट्या गूगलच्या मालकीची राहूं नये, निरनिराळ्या संस्थांनीं आपापले सर्व्हर चालवावे आणि ते एकमेकांशीं बोलावे, अशी योजना आरंभापासूनच आंखलेली होती. ही शेवटची गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली.

या साधनाच्या पोटांत जें कठीण होतें तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. दोन चिटणीस दोन शहरांत बसून एकच सूचना लिहीत आहेत: 'सभा उद्यां सायंकाळीं पांच वाजतां भरेल.' पहिल्यानें आरंभीं 'वार्षिक' हा शब्द घातला. नेमक्या त्याच क्षणीं दुसऱ्यानें हुकूम सोडला कीं, चौथा शब्द खोडून तेथें 'सहा' लिहावें. दुसऱ्याच्या प्रतींत चौथा शब्द 'पांच' आहे. पण तो हुकूम तारेंतून प्रवास करून पहिल्याकडे पोहोंचतो तेव्हां तेथें एक शब्द वाढलेला आहे, आणि चौथ्या जागीं 'सायंकाळीं' येऊन बसला आहे. हुकूम जसाच्या तसा पाळला तर सूचना होते: 'वार्षिक सभा उद्यां सहा पांच वाजतां भरेल.' म्हणून आलेला हुकूम अमलांत आणण्यापूर्वीं मधल्या काळांत झालेले बदल पाहून त्याचेंच रूपांतर करावें लागतें. चौथ्याचा पांचवा करावा लागतो. दोन चिटणीस आणि दोन हुकूम असतील तर हें सोपें वाटतें. माणसें वीस, हुकूम सेकंदाला शंभर, मध्येंच कोणाची तार तुटलेली, कोणीं शब्दाऐवजीं ठळक अक्षर केलेलें, कोणीं चित्र घातलेलें, अशा वेळीं प्रत्येक जोडीसाठीं रूपांतराचा नियम चुकल्याशिवाय लागला पाहिजे. नाहीं तर दोघांच्या प्रती हळूंच वेगळ्या होतात आणि कोणाला पत्ताहि लागत नाहीं.

ही क्रियारूपांतराची कल्पना गूगलची नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत ऑस्टिन येथील एका संशोधन-संस्थेंत काम करणाऱ्या एलिस आणि गिब्ज या दोघांनीं ती १९८९ सालीं प्रसिद्ध केली. (यांतील क्लॅरेन्स एलिस हे संगणकशास्त्रांत डॉक्टरेट मिळविणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थ, त्यांचें नांव या संबंधांत फारसें घेतलें जात नाहीं, हें खेदाचें आहे.) झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९९५ सालीं 'ज्युपिटर' या नांवाखालीं तिला सर्व्हरची जोड मिळाली. वेव्हच्या कारागिरांनीं तीच वाट पुढें नेली, आणि पुष्कळ जणांच्या गर्दींत सर्व्हरचा बोजा आटोक्यांत राहावा म्हणून, मागील हुकुमाची पोंच आल्याशिवाय पुढचा हुकूम सोडूं नये, असा निर्बंध प्रत्येकावर घातला.

एवढी करामत असूनहि लोकांना वेव्ह रुचली नाहीं. सप्टेंबर २००९ च्या अखेरीस सुमारें १,००,००० लोकांस आमंत्रणें गेलीं, आणि तीं मिळविण्यासाठीं बाजारांत बोली लागल्या. पण जो आंत गेला त्याला आपलीं माणसें आंत दिसेनात. मित्र बाहेर, कचेरींतील सहकारी बाहेर, आणि ई-मेलशीं या नव्या घराचें दारच जोडलेलें नाहीं. रिकाम्या नाट्यगृहांत कितीहि सुंदर पडदा लावला तरी प्रेक्षक किती वेळ बसणार? मे २०१० मध्यें दरवाजा सर्वांस खुला झाला, आणि त्यानंतर तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच, ४ ऑगस्ट २०१० रोजीं, अपेक्षेइतके लोक आले नाहींत या कारणासाठीं वेव्हचें स्वतंत्र काम थांबवीत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. खरें पाहतां अशा साधनाला तीन महिने हा अवधि कांहींच नव्हे. परंतु मोठ्या कंपनीच्या हिशेबवहींत धीर धरण्यास वेगळें खातें नसतें.

येथून या कथेचा दुसरा अंक सुरू होतो. २ सप्टेंबर २०१० रोजीं गूगलच्या अभियंत्यांनीं 'वेव्ह इन अ बॉक्स', म्हणजे पेटींतील लाट, अशी योजना पुढें मांडली. संहितेच्या सुमारें २,००,००० ओळी त्यांनीं आधींच मुक्तस्रोत, म्हणजे ज्यास ओपन सोर्स म्हणतात त्या रीतीनें, प्रसिद्ध केल्या होत्या. कोणींहि त्या वाचाव्या, बदलाव्या, वापराव्या आणि वांटाव्या. आतां त्या ओळींना भर घालून, कोणाहि संस्थेला स्वतःच्या संगणकावर मांडतां येईल असा एक आटोपशीर सर्व्हर आणि त्याचें ब्राउझरमधील दर्शनी अंग तयार करावें, असा बेत होता. या नव्या पेटींत मूळ वेव्हचे सगळे गुण नसतील, हेंहि त्यांनीं त्याच वेळीं प्रामाणिकपणें सांगितलें.

या प्रामाणिक कबुलीकडे त्या वेळीं पुरेसें लक्ष गेलें नाहीं. लाखों लोकांना जी वेव्ह दिसत होती ती गूगलच्या स्वतःच्या प्रचंड यंत्रणेवर उभी होती: मजकूर सांठविण्याचीं कोठारें तिचीं, शोध तिचा, ओळख पटविणारा दरवान तिचा. ती यंत्रणा कांहीं दान केली जात नव्हती. म्हणजे मजकूर कायम सांठविणें आणि जुना मजकूर शोधून काढणें हीं कोणत्याहि कपाटाचीं जीं पहिलीं दोन कामें, तींच पेटींत नव्यानें बांधावयाचीं होतीं. वाडा दान दिला म्हणून गांवांत बोभाटा झाला. पण विहीर आणि पायऱ्या मागच्या मालकाच्याच हद्दींत राहिल्या. दान खोटें होतें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु जें दिलें तें चालतें साधन नव्हतें, चालत्या साधनाचे भाग होते.

डिसेंबर २०१० मध्यें हें काम अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या आश्रयास गेलें. ही १९९९ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली, नफा न घेणारी संस्था. जगांतील असंख्य संकेतस्थळें ज्या सर्व्हरवर चालत आलीं आहेत, त्या सर्व्हरच्या कर्त्यांनीं ती उभारली. बाहेरून आलेलें काम ती एकदम पोटांत घेत नाहीं. अंडीं उबवावयाच्या पेटीप्रमाणें 'इन्क्युबेटर' नांवाची तिची एक शाखा २००२ पासून आहे; नव्या कामानें प्रथम तेथें राहावें, अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखालीं कारभार शिकावा, आणि अंगीं बळ आल्यावर बाहेर पडावें. संहिता चांगली आहे कीं नाहीं हें तेथें दुय्यम. ती संहिता सांभाळणारा, एकाच धन्यावर अवलंबून नसलेला मेळावा जमला आहे कीं नाहीं, हें पहिल्यानें पाहिलें जातें. नवी आवृत्ति बाहेर काढावयाची तर अधिकार असलेल्या निदान तीन सभासदांनीं ती तपासून अनुकूल मत दिलें पाहिजे. दर तीन महिन्यांनीं अहवाल दिला पाहिजे: किती जण आले, किती काम झालें, काय अडलें. बाहेरून हा व्याप कागदी वाटतो. पण घरांत माणसें किती उरलीं आहेत हें असे अहवालच न बोलतां सांगत असतात.

आणि माणसेंच उरत नव्हतीं. काम थांबल्याचें जाहीर होतांच सिडनीचा तो चमू दुसऱ्या कामांवर वांटला जाऊं लागला. लार्स रासमुसेन यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें गूगल सोडून फेसबुकची वाट धरली. मागें राहिलेले कांहीं जण आणि बाहेरचे स्वयंसेवक नेटानें काम करीत होते, परंतु त्यांच्यापुढें दोन लाख ओळींचें जंगल होतें. तें लावणारे बागवान पगारी, पुष्कळ आणि एकाच छपराखालीं बसणारे होते. एकाला शंका आली तर तो शेजारच्याला विचारी. तींच झाडें आतां रात्रीं जेवणानंतर तासभर मोकळा मिळणाऱ्या माणसानें ओळखावयाचीं होतीं. 'सहा पांच वाजतां' असा घोंटाळा झाला तर तो नेमका कोणत्या दोन हुकुमांच्या टकरींतून झाला, हें शोधण्यास तो एक तास पुरत नाहीं. नवशिक्याला पहिल्या दिवशीं एक लहानशी खिळी ठोकतां यावी, तेव्हां तो दुसऱ्या दिवशीं परत येतो. वेव्हमध्यें खिळी ठोकण्यापूर्वीं सगळा वाडा समजून घ्यावा लागे.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक होती. मूळ वेव्ह गूगलनें लगेच बंद केली नाहीं. ती दीड वर्षाहून अधिक काळ चालूच राहिली. वापरणाऱ्यांच्या दृष्टीनें हें सौजन्य होतें. पण त्यामुळें जे थोडे निष्ठावंत होते ते त्या जुन्या, फुकट आणि सजविलेल्या घरांतच राहिले; अर्धवट बांधलेल्या नव्या घरीं येण्याचें त्यांना कारण नव्हतें. ३१ जानेवारी २०१२ रोजीं जुन्या वेव्हमध्यें लिहिणें बंद झालें, केवळ वाचणें राहिलें, आणि ३० एप्रिल २०१२ रोजीं दिवाच विझला. आपल्या लाटा एकेक करून पीडीएफच्या रूपांत उतरवून घेण्याची सोय शेवटपर्यंत होती. मजकूर हलविण्यास 'वॉकअराउंड' नांवाचें एक प्रायोगिक साधनहि कांहीं अभियंत्यांनीं करून दिलें होतें. पण जिच्यांत पांच भावंडांचें बोलणें अक्षराअक्षरानें उमटत गेलें, तिची पीडीएफ म्हणजे सुकविलेलें फूल. ज्यांनीं वेळींच उतरवून घेतलें नाहीं त्यांच्या हातीं तेंहि राहिलें नाहीं.

अशा दानांचा शेवट असाच होतो काय? तसें मुळींच नाहीं. आणि याचा पुरावा याच घराण्यांत आहे. वेव्ह भरांत असतांना, डिसेंबर २००९ मध्यें, गूगलनें अ‍ॅपजेट नांवाची एक छोटी कंपनी विकत घेतली, ती तिच्या कारागिरांना वेव्हच्या कामास जुंपण्यासाठीं. या कंपनीचें 'ईथरपॅड' नांवाचें एक लहानसें साधन वर्षभर चालूं होतें. एक कोरें पान, त्यावर पुष्कळांनीं एकदम लिहावयाचें, प्रत्येकाच्या अक्षरांना वेगळा रंग. बाकी कांहीं नाहीं. खरेदीबरोबर ईथरपॅड मिटविण्याचें जाहीर झालें, आणि वापरणाऱ्यांनीं असा गिल्ला केला कीं, दुसऱ्याच दिवशीं तें पुन्हा सुरू करावें लागलें आणि संहिता मुक्त करण्याचें वचन द्यावें लागलें. १७ डिसेंबर २००९ रोजीं तें वचन पाळलें गेलें. थोड्याच काळांत निरनिराळ्या देशांत हौशी मंडळींनीं आणि संस्थांनीं आपापलीं ईथरपॅडें मांडलीं. ही मूळ संहिताहि बोजड होती. पण तिच्याभोंवतीं गरजू माणसें जमलेलीं असल्यामुळें, २०११ सालीं त्यांनीं ती बाजूस ठेवून तेंच साधन हलक्या बांधणीचें असें नव्यानें लिहून काढलें. म्हणजे वारसा संहितेचा टिकला असें नव्हे. गरजेचा टिकला, आणि गरजेनें आपली संहिता करून घेतली. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेंत सभांचीं टिपणें घेण्यास तेंच साधन वापरांत आलें. ज्या वेव्हसाठीं ईथरपॅडचा बळी द्यावयाचा होता, ती वेव्ह गेली आणि ईथरपॅड उरलें!

पैशानेंहि फरक पडतो, हें सांगितलें पाहिजे. नेटस्केप कंपनीनें १९९८ सालीं आपल्या ब्राउझरची संहिता मोकळी केली तेव्हां तीहि अशीच गुंतागुंतीची होती, आणि तिच्यांतून निघालेल्या मोझिलाची पहिली पूर्ण आवृत्ति येण्यास २००२ साल उजाडलें. पण त्या चार वर्षांत मूळ कारागिरांपैकीं पुष्कळांचे पगार चालू होते; आणि २००३ मध्यें मालक कंपनी हात काढून घेऊं लागली तेव्हां तिनें मागें राहणाऱ्या संस्थेस २० लाख डॉलर दिले. वेव्हला कारागिरांची अशी चार वर्षें मिळालीं नाहींत.

तिच्या वाट्याला वारस आले नाहींत असेंहि नाहीं. फक्त ते सरळ रेषेंत आले नाहींत. स्पेनमध्यें माद्रिद येथील कॉम्प्लुतेन्से विद्यापीठांतील एका चमूनें अपाचीची संहिता घेऊन तींतील पत्रव्यवहाराचा सगळा संसार काढून टाकला, आणि अनेकांनीं एकत्र लिहिण्याचा गाभा तेवढा ठेवून 'स्वेलआरटी' नांवाचें साधन केलें. इतरांनीं त्यावर आपलें घर बांधावें हा हेतु. स्वतः वेव्हवर खपलेल्या एका अभियंत्यानें नोकरी सोडल्यावर तेंच क्रियारूपांतराचें शास्त्र पहिल्यापासून, थोडक्या ओळींत आणि इतरांना सहज उचलतां येईल असें लिहून काढलें, आणि 'शेअरजेएस' या नांवानें मोकळें केलें. त्यानें दोन लाख ओळी बरोबर नेल्या नाहींत. सिडनीच्या तालमी त्याच्या डोक्यांत होत्या, त्या नेल्या.

इन्क्युबेटरमध्यें मात्र वेव्ह सात वर्षें राहिली. अपाचीनें तिला घाईनें बाहेर काढलें असें कोणी म्हणणार नाहीं. तीन मतें जमविण्याइतकीं माणसेंहि कष्टानें मिळत, आणि अहवालांतून कामाची मंदगतिच पुनःपुन्हा दिसे. १५ जानेवारी २०१८ रोजीं तिची निवृत्ति नोंदली गेली. अपाचीच्या रीतीप्रमाणें निवृत्त कामाची संहिता नष्ट करीत नाहींत. ती वाचण्यापुरती ठेवतात, परवाना तोच राहतो, आणि कोणालाहि ती उतरवून घेऊन पुढें चालवितां येते. त्यानंतर सहा वर्षांनीं, २०२४ सालीं, ईथरपॅडची दुसरी मोठी आवृत्ति बाहेर पडली.